माळ्यावरचा श्याम

पोहायला जावे लागेल या भीतीने माळ्यावर लपलेला श्याम मराठी घरांत परिचित आहे. आई त्याला शोधून काढते, मारते, विहिरीवर पाठविते. श्याम पोहायला शिकतो; मग आई त्याला दही देते आणि त्याला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून आपण मारले, असे समजावते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून हा प्रसंग आईबापांच्या हाती दाखला म्हणून आला. वसईच्या बावखलांत ढकलले जाऊनच पोहणे शिकलेल्या आम्हांसही तो चटकन पटला होता.

पुढे आमच्या नात्यातील एक मुलगी रोज सकाळी, शाळेच्या वेळेलाच, पोटात दुखते म्हणून रडू लागली. सुटीच्या दिवशी दुखणे नसे. सर्वांनी तिला श्यामची गोष्ट सांगितली. ती अधिकच मिटली. तेव्हा आम्ही तो प्रसंग पुन्हा वाचला.

श्यामच्या भीतीला एक विहीर आहे. विहिरीत सांभाळणारी माणसे आहेत. एकदा पाण्यात पडल्यावर ती भीती सरते. चिंताविकार असा सरत नाही. तो आठवडे, महिने मुक्काम करतो. आज शाळा, उद्या आईपासून दूर झोपणे, परवा चारचौघांत बोलणे, असा विषय बदलतो आणि पोटदुखी, डोकेदुखी, धडधड यांतून बोलतो. ते दुखणे ढोंग नसते.

एका गोष्टीत मात्र श्यामची आई अचूक आहे. माळ्यावर राहू दिले तर भीती पोसली जाते. टाळण्याने मिळणारी सुटकाच पुढच्या टाळण्याचे कारण होते. आजचे मानसोपचारही मुलाला भीतीकडे नेतात, पण पायरीपायरीने. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुरड्याला आवडीचे खाणे देत ससा हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला. तिथे खाऊ आधी होता. श्यामला दही मागाहून मिळाले. शिवाय मारामुळे विहिरीच्या भीतीवर आईची भीती चढते.

आमचा खरा आक्षेप मात्र छडीहून अधिक आईच्या कारणावर आहे. लोक काय म्हणतील, हेच तर कित्येक किशोरवयीन मुलांच्या चिंतेचे मूळ खाद्य! तेच औषध म्हणून पाजायचे? तरीही त्या प्रसंगाचे शेवटचे दृश्य आम्हांस मोलाचे वाटते: आई मुलाजवळ बसते आणि बोलते. दाखला देणारे नेमके तेवढेच गाळतात. आम्हीही गाळले होते.

त्या मुलीला पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. पहिला आठवडा ती फक्त शाळेच्या फाटकापर्यंत गेली.