बालकांची आंतरजालीय सुरक्षितता : जागतिक दस्तऐवज आणि ऊसतोड कुटुंबातील मूल – एक चिकित्सा

प्रस्तावना : संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा १९८९ मध्ये संमत झाला व भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. या करारनाम्याचा आंतरजालाच्या संदर्भातील अर्थ विशद करणारे 'सामान्य भाष्य क्रमांक २५' बालहक्क समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. २८ देशांतील ७०९ बालकांची मते जाणून सिद्ध झालेला हा दस्तऐवज संरक्षणाबरोबरच माहितीचा, अभिव्यक्तीचा व खासगीपणाचा हक्कही मान्य करतो, हे त्याचे बलस्थान होय. तथापि बीड जिल्ह्याच्या संदर्भात त्याच्या मर्यादाही स्पष्ट होतात.

चिकित्सा : पालकांना डिजिटल साक्षर करावे, असे भाष्य सांगते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नेही अठरा वर्षांखालील बालकासाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. दोन्ही ठिकाणी पालक बालकाजवळ असल्याचे गृहीत आहे. बीडमधील ऊसतोड मजुरांचे 'कोयते', म्हणजे पती-पत्नीच्या जोड्या, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. या काळात मूल आजी-आजोबांकडे वा वसतिगृहात राहते. आई-वडिलांशी जोडणारा दुवा म्हणून हाती दिलेला मोबाईलच अनोळखी व्यक्तीलाही त्याच्यापर्यंत पोहोचवतो. गावात घेतलेले पालक-प्रशिक्षण फडात असलेल्या पालकाला मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचीही हीच मर्यादा आहे. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांच्या राष्ट्रीय केंद्राशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ मध्ये करार केला. त्यामुळे परदेशी कंपन्यांना आढळलेल्या आक्षेपार्ह चित्रांची सूचना राज्यांच्या पोलिसांपर्यंत येऊ लागली. ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु तिचा भर चित्र आढळल्यानंतरच्या तपासावर आहे. त्यापूर्वीची ओळख, आमिष व धमकी बहुधा बालकाने सांगितल्याखेरीज कळत नाही.

निष्कर्ष : म्हणून बालकाने कोणाला सांगावे, हाच कळीचा प्रश्न ठरतो. भाष्याला अभिप्रेत असलेली मोफत, गोपनीय व बालस्नेही तक्रार व्यवस्था बीडमध्ये हंगामी वसतिगृहांतून, तसेच २०२१ च्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेतून उभी राहू शकते. तेथील अधीक्षक व शिक्षकांना प्रशिक्षण देणे, १०९८ हा क्रमांक मुलांना परिचित करून देणे आणि मूल बोलले म्हणून त्याचे शिक्षण वा मोबाईल बंद होणार नाही, अशी हमी देणे आवश्यक आहे. ही हमी विशेषतः मुलींना हवी. अन्यथा भीतीपोटी विवाहाची घाई होते. जागतिक करारांची परिणामकारकता अखेर या विश्वासावरच अवलंबून आहे.