पाणीपंचायत : तत्त्व आणि धोरण

बारामती तालुक्याचे बागायत व जिराईत असे दोन भाग सर्वश्रुत आहेत. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस उभा राहतो; लोणी भापकरच्या जिराईत पट्ट्यात मात्र पाणी कोणाचे, हा प्रश्न आधी येतो.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी या प्रश्नास पाणीपंचायतीच्या रूपाने उत्तर दिले. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबास कमाल अडीच एकर, उसास मनाई, भूमिहीनासही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे.

या प्रयोगाचा गौरव पुष्कळ झाला. परंतु गौरव करणाऱ्यांनी बहुधा लोकसहभागाचेच गुण गायिले. महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ याने पाणीवापर संस्थांना कायद्याचे अधिष्ठान दिले, हे पाऊल निःसंशय मोठे होय. तथापि सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकापुरतेच राहिले. शासनाने संघटनेचे रूप स्वीकारले आणि न्यायाचा गाभा वगळला, असे म्हणावे लागते.

लहान उपसा योजनेत जे साधते ते विस्तीर्ण कालव्यावर साधणार नाही, असा यावर आक्षेप येईल. मोजणी व देखरेख यांपुरता तो रास्त आहे. परंतु भूमिहीनाचा हक्क नाकारण्यास तो आधार देत नाही. तो हक्क मान्य करणे हा धोरणाचा निर्णय आहे. सामाजिक प्रयोग शासनमान्य होताना त्याचे कोणते तत्त्व शिल्लक उरले, हीच त्याच्या यशाची कसोटी अभ्यासकांनी मानावी.