सोलापूरला डॉक्टर नको होता?

वर्गणीची वही उघडली की आमच्या डिचोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आधी आपलं बघा, मग जगाचं.’ फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हाही ते आलंच. तेव्हा व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ मी मुद्दाम पुन्हा पाहिला. चित्रपट देखणा आहे. पण ज्या प्रश्नासाठी मी तो लावला, त्याला तो बगल देऊन निघून जातो.

द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले ते एक. सोलापुरात तेव्हा डॉक्टर काही उतू जात नव्हते. मग गिरणीकामगाराचं पोर तापाने फणफणत असताना या मुलाने चीनला का जावं? या प्रश्नाला चित्रपट उत्तर देत नाही, नायक देतो. तोही खुद्द शांतारामांच्या रूपात!

पडद्यावरचा कोटणीस प्लेगशी लढतो आणि प्लेगनेच जातो. खरे कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने गेले, अवघ्या ३२व्या वर्षी. बदल किरकोळ वाटेल, पण माझ्या मते चित्रपटाचा मोठा दोष तोच. एकदा हौतात्म्य दाखवलं की हिशेब कोण मागणार? आणि खऱ्या आयुष्यात उत्तर होतं की! बाकीचे चौघे परतले, हे राहिले. चिनी भाषा शिकले, बेथून यांच्या नावाचं रुग्णालय सांभाळलं, तिथल्या पोरांना वैद्यक शिकवलं, तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ छिंगलानशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. परका मुलूख त्यांनी राहून राहून आपला केला. वडील वारल्याचं कळूनही ते परतले नाहीत. हे मात्र मला अजून पचत नाही.

आम्हा जैनांच्या घरी आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं लहानपणीच पाठ होतात. त्यांत गावाचं नाव कुठे येत नाही.

आणि जवळची मदत तरी किती जवळची असते? जुलै २०२१च्या पुरात पेडण्यातल्या इब्रामपूर, चांदेल, हणखणेत पाणी शिरलं. डिचोलीहून ही गावं काही फार लांब नाहीत. जुन्या साड्यांची गाठोडी गेली, फोटो आले. पंधरा दिवसांनी, गाद्यांत चिखल मुरलेला असताना, तिकडे कोण गेलं होतं?

चित्रपटाची मूळ कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकातली. त्याच वर्षी याच अब्बासांनी बंगालच्या १९४३च्या दुष्काळावर ‘धरती के लाल’ काढला. एकाच माणसाला बंगालही दिसत होता आणि चीनही. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत, ‘धरती के लाल’ आधी. त्यानंतर कोटणीस पाहिला की सोलापूरचं ते घर पडद्यावर किती थोडा वेळ दिसतं, ते जास्तच जाणवतं.