उक्त्या लेखणीची मराठी : विकाससंस्थांच्या गद्याचा एक विचार

मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण ग्रंथकारांची नावे घेतो, नियतकालिकांची घेतो, क्वचित प्रकाशकांचीही घेतो. परंतु ज्याने दुसऱ्याचा मजकूर मोल घेऊन लिहिला अथवा सुधारला, त्या माणसाला ह्या इतिहासात स्थान नाही. वस्तुतः नाशिक जिल्ह्याच्या पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील एखाद्या घरात छापील मराठी म्हणून जे काही पोहोचते, त्यात कथाकादंबऱ्यांपेक्षा लसीकरण, बालकांचा आहार, पिण्याचे पाणी, बचत गट यांविषयीच्या पुस्तिका व भित्तिपत्रके ह्यांचाच भरणा अधिक दिसतो. त्यांतील पुष्कळशा साहित्यामागे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, परदेशी निधीवर चालणारे कार्यक्रम किंवा त्यांच्याशी जोडलेल्या स्वयंसेवी संस्था असतात. हे मराठी बहुधा संस्थेच्या नोकरीत नसलेल्या, शब्दागणिक मोबदला घेणाऱ्या अनुवादकाने लिहिलेले आणि तशाच संपादकाने तपासलेले असते. ज्याला आपल्या व्यवहारात उक्ते काम म्हणतात, ते हे. अशा गद्याची चिकित्सा हे साहित्यसमीक्षेचे काम नव्हे, असा समज आपल्या विभागांतून रूढ आहे. तो समज सोडून द्यावा, एवढ्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिला आहे. कारण आपले पदव्युत्तर विद्यार्थी पदवी हाती पडण्यापूर्वीच हे काम करू लागतात, आणि ते कसे करावे हे त्यांना कोणीही शिकविलेले नसते.

प्रथम ह्या व्यवस्थेचे कारण पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत : अरबी, इंग्रजी, चिनी, फ्रेंच, रशियन व स्पॅनिश. ह्या भाषांसाठी तेथे कायम नोकरीतील अनुवादक असतात आणि त्यांच्यावर अनुवाद तपासणारे अनुभवी पुनरीक्षक असतात. मराठीस हा मान नाही. अर्थात मराठीचे काम स्थानिक कार्यालयाकडे येते व तेथून करारावर बाहेर दिले जाते. जी भाषा कोट्यवधी लोक बोलतात तिचा संपादक तात्पुरता, आणि ज्या दस्तऐवजाचा तो संपादक, तो मात्र कायमचा, अशी ही विषम स्थिती आहे. तात्पुरत्या माणसाला प्रश्न विचारण्याचा अधिकार नसतो. असला तरी तो वापरल्याने पुढचे काम मिळेलच अशी त्याला खात्री नसते.

हे सारे नवे आहे असे मात्र कोणी समजू नये. १८२२ साली मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी शाळा व शाळापुस्तके सिद्ध करणारी जी मंडळी स्थापन झाली, तिचे स्वरूप आजच्या विकाससंस्थेहून फारसे निराळे नव्हते. वर्गणी व सरकारी साहाय्य यांवर चालणारी, लोककल्याण हे उद्दिष्ट सांगणारी, आणि देशी भाषांत पुस्तके काढणारी अशी ती संस्था होती. तिने शास्त्रीपंडितांना वेतन देऊन कामास लावले. १८२९ चा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हे जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी मंडळींचे असेच वेतनी काम होय. पुढे १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्याच्या सिद्धतेत जॉर्ज आणि थॉमस ह्या कँडी बंधूंचा हात होता. त्यांपैकी थॉमस, म्हणजेच आपले मेजर कँडी, हे पुढे शिक्षण खात्याचे मराठी भाषांतरकार झाले. १८४७ साली त्यांनी इंग्रजी-मराठी कोश पुरा केला आणि १८५० मध्ये विरामचिन्हांविषयी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. पंचवीसएक वर्षे खात्याच्या पुस्तकांच्या हस्तलिखितांवरून त्यांची लेखणी फिरत राहिली.

कँडींच्या कामगिरीचे मूल्यमापन करताना आपल्याकडे दोन टोके गाठली जातात. मराठीला स्वल्पविराम देणारा उपकारकर्ता, हे एक. आणि मराठी माणसाचे मराठी दुरुस्त करणारा परकी हाकिम, हे दुसरे. माझ्या मते दोन्ही बाजूंना मूळ गोष्ट निसटते. बखरीतील वाक्य कानाने लिहिलेले असते; ते क्रियापदापाशी येऊन थांबते व पुन्हा निघते. शाळापुस्तकातील वाक्य डोळ्याने लिहिलेले आहे. त्यात पोटवाक्ये एकात एक बसतात आणि विरामचिन्हांच्या आधाराने उभी राहतात. हा बदल कोणा प्रतिभावंत लेखकाने घडविला नाही, तो मजकूर तपासणाऱ्याने घडविला. एका संपादकाचे गद्य दोन पिढ्यांचे गद्य झाले. असे का होऊ शकले? कँडींचे मराठी फार सुंदर होते म्हणून नव्हे. ते पुष्कळदा कोरडेच असते. परंतु त्यांना तीन गोष्टी लाभल्या होत्या : वेळ, अधिकार, आणि शेजारच्या खोलीत बसलेले शास्त्री. परशुरामपंत गोडबोले व पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखी माणसे भाषांतराच्या कामी त्यांच्या हाताखाली होती. शब्द अडला तर विचारावयास माणूस होते.

ह्या व्यवस्थेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. जी संस्था हस्तलिखिताला पैसे देते, ती कोणते हस्तलिखित नाकारावयाचे हेही ठरविते. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. तेथील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. त्यांच्या हयातीत ते छापून निघाले नाही. म्हणजे विद्वान संपादक जवळ असणे एवढ्याने भागत नाही. तो कोणाच्या कानाने ऐकतो, हा प्रश्न उरतोच.

आता आजच्या मजकुराकडे वळू. विकाससंस्थांच्या मराठीत काही शब्द इतके सरावाचे झाले आहेत की ते कोणाला खटकत नाहीत. त्यांतील ‘भागधारक’ हा शब्द घ्या. प्रकल्पाशी ज्यांचा संबंध येतो, ज्यांचे त्यात हित किंवा अहित आहे, अशा सर्वांना उद्देशून इंग्रजीत जो शब्द योजतात, त्याचे मराठी म्हणून हा सर्रास छापला जातो. परंतु मराठीत भागधारक म्हणजे ज्याने भाग घेतला, पैसे भरले, तो. सहकारी संस्थांच्या मुलखात हा अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स ह्या शेतकरी उत्पादक कंपनीत शेतकरी खरोखरीच भागधारक आहेत. आणि २०२२ साली त्या समूहातील कंपनीत युरोपातील विकासवित्त संस्थांनी गुंतवणूक केली, तेव्हा त्याही भागधारक झाल्या. अशा ठिकाणी एखाद्या अहवालात शेतमजूर बाई, गावचा तलाठी आणि ग्राहक ह्या सर्वांनाच भागधारक म्हटले, तर तो निव्वळ भाषिक अजागळपणा राहत नाही. कोणाचा मालकी हक्क आहे आणि कोणाचा केवळ संबंध आहे, हा भेदच त्या शब्दाने पुसला जातो. ज्या मजुराला काहीच मिळावयाचे नाही, त्याला कागदावर वाटेकरी करून ठेवावयाचे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ‘संबंधित लोक’ एवढे म्हटले असते तरी पुरे होते.

‘लाभार्थी’ हा दुसरा शब्द. तो सरकारी मराठीतून आला. विद्यार्थी म्हणजे विद्या इच्छिणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ इच्छिणारा. ज्या संस्था आपल्या मूळ इंग्रजी मजकुरात हक्कांची भाषा बोलतात, त्यांच्या मराठी पुस्तिकेत तोच माणूस याचक होऊन येतो. ‘हक्कदार’ हा शब्द आपल्या बोलण्यात असताना तो टाळला जातो, याचे कारण तो ‘वजनदार’ वाटत नाही, असे असावे. ‘शाश्वत विकास’ ह्याविषयी मी फारसा आग्रह धरणार नाही. शाश्वत म्हणजे नित्य, अविनाशी; तो आत्म्याला लावावयाचा शब्द बंधाऱ्याला लावला गेला आहे. ‘टिकाऊ’ हा चपलाभांड्यांचा शब्द म्हणून त्याला बाजूस सारले. परंतु २०१५ साली सतरा जागतिक उद्दिष्टे जाहीर झाल्यापासून ‘शाश्वत’ इतका रुळला आहे की त्याच्याशी भांडण्यात आता हशील नाही. ‘क्षमता बांधणी’ मात्र मला अजून सोसत नाही. बांधणी पुस्तकाची होते, पक्षाचीही होते. क्षमता वाढते, वाढविली जाते.

ह्या उलट काही शब्द पाहण्यासारखे आहेत. १९९० नंतरच्या काळात जर्मनीच्या साहाय्याने आणि नाबार्डच्या सहभागाने महाराष्ट्रात पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम झाला. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर हे त्यामागील प्रमुख पुरुष. येथेही पैसा परदेशी, कागद इंग्रजी. तरी त्या कामाची मराठी परिभाषा ठणठणीत आहे. पाणलोट, समतल चर, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीने त्यांतले काही शब्द आधीच गावोगाव नेले होते. ‘सामाजिक कुंपण’ असे शब्दशः भाषांतर जेव्हा कागदावर येते, तेव्हा गावकरी तारेचे कुंपण शोधू लागेल. ‘चराईबंदी’ म्हटले की शेळ्या कोठे न्यावयाच्या ह्यावर ताबडतोब भांडण सुरू होईल. शब्द कळल्याची खूण ती. हे शब्द अनुवादकाने घडविलेले नाहीत. जे काम करावयाचे होते त्याविषयी ग्रामसभेत बोलावे लागले, म्हणून ते तेथेच सापडले, आणि लिहिणाऱ्याने ते उचलण्याएवढी नम्रता दाखविली.

मग दोष अनुवादकाचा काय? माझे उत्तर असे की दोषाचा मोठा भाग नेमणुकीच्या रीतीत आहे. मोबदला इंग्रजी शब्दांच्या संख्येवर. एका शब्दाचा नेमका पर्याय शोधण्यात दुपार गेली तरी मोल एका शब्दाचेच. निवड करताना नमुन्याचा उतारा दिला जातो आणि तो तपासणारा बहुधा इंग्रजी मजकुराशी ताडून पाहतो. त्याची दृष्टी काही गळले का याकडे असते. त्यातून उलट-अनुवादाची पद्धत. मराठी मजकूर दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत आणवून तो मुळाशी जुळतो का, हे पाहावयाचे. आरोग्यविषयक प्रश्नावल्यांसाठी ही पद्धत उपयुक्त आहे, हे मी नाकारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रीतीतही ती आहे. पण तेथे शब्दाऐवजी आशयाची समानता पाहावी असे सांगितले आहे, तज्ज्ञांची बैठक आहे, आणि ज्यांच्यासाठी मजकूर आहे अशा माणसांना तो वाचून दाखवून त्यांना काय समजले हे विचारण्याची पायरीही आहे. बाकीच्या पायऱ्या वगळून एकटा उलट-अनुवाद ठेवला, तर काय होते? ‘क्षमता बांधणी’ इंग्रजीत परत नेली की मुळातला शब्द जसाच्या तसा हाती येतो. चांगले मराठी परत नेले की ते थोडे वेगळे दिसते, आणि वेगळे दिसले की चूक ठरते. म्हणजे ही कसोटी शब्दशः भाषांतराला बक्षीस देते. अनुवादक हे लवकरच ओळखतो, आणि पोटासाठी तसेच लिहू लागतो. त्याला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी थोड्यांनाच असेल.

ह्याच प्रश्नाशी एका बाईंनी फार मोठ्या पल्ल्याची झुंज घेतली होती, ती येथे आठवते. मिशनरी संस्थांनी पंडितांच्या साहाय्याने केलेले मराठी बायबल पंडिता रमाबाईंच्या हाती होते. केडगावच्या मुक्तिसदनातील बायकांना ते संस्कृतप्रचुर मराठी उमगत नाही, असे त्यांना दिसले. त्या स्वतः संस्कृतात पारंगत. तरीही त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि साध्या मराठीत सबंध बायबल नव्याने उतरविले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. त्या भाषांतराच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद होऊ शकेल, कित्येक ठिकाणी ते खडबडीत वाटते. परंतु ज्या बाईला वाचावयाचे आहे ती समोर बसलेली असताना केलेले ते काम आहे. उक्त्या अनुवादकासमोर ही बाई नसते. त्याच्यासमोर मुदतीची तारीख असते.

नावाचा प्रश्नही विचारात घेण्याजोगा आहे. युनेस्कोच्या प्रातिनिधिक ग्रंथमालेत ज्ञानेश्वरीचा इंग्रजी अनुवाद १९६७ व १९६९ साली दोन खंडांत आला, तेव्हा अनुवादक म्हणून वि. गो. प्रधान आणि संपादक म्हणून एच. एम. लँबर्ट अशी दोन्ही नावे मुखपृष्ठावर आली. आमच्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, त्याची स्थापना १९८९ ची, आपल्या पाठ्यपुस्तकांसाठी बाहेरच्या प्राध्यापकांकडून लेखन करवून घेतले. त्या पुस्तकांतही लेखक व संपादक यांची नावे आरंभीच छापलेली आढळतात. पुस्तक वाईट असेल तर कोणाला धरावे हे वाचकाला कळते, आणि आपल्याला धरले जाईल हे लिहिणाऱ्याला कळते. विकाससंस्थेच्या पुस्तिकेवर निधी देणाऱ्यांची चिन्हे ओळीने असतात. मराठी कोणाचे, हे मात्र सहसा लिहिलेले नसते.

काही वर्षांपूर्वी मीही असे एक काम केले होते. माता व बालकांच्या आहारावरील पुस्तिका होती. मुळात घरामागे भाजीपाला लावण्याविषयी एक परिच्छेद होता. मी ‘परसबाग’ लिहिले. तपासणाऱ्याने ते खोडून ‘स्वयंपाकघर उद्यान’ असे लिहून पाठविले व समासात शेरा मारला, की स्वयंपाकघराचा उल्लेख गळला आहे. मी दोनदा पत्र लिहिले. तिसऱ्यांदा लिहिण्यापूर्वी पुस्तिका छापून आली होती. पुढे त्र्यंबक तालुक्यातील एका अंगणवाडीच्या भिंतीवर त्याच मालिकेतले भित्तिपत्रक पाहिले. सेविकाबाईंनी ‘स्वयंपाकघर उद्यान’ ह्या अक्षरांखाली निळ्या शाईने ‘परसबाग’ लिहून ठेवले होते.