बंदिस्त जागेतील 'अचूक' स्थाननिश्चिती : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : भीमाशंकर परिसर)

प्रस्तावना

अल्ट्रा-वाइडबँड या बिनतारी तंत्रज्ञानाविषयी जे परिचयपर लेखन होते, त्यात 'अचूक' हे विशेषण हटकून आढळते. इमारतीच्या आत, जेथे उपग्रहाचा क्षीण संकेत स्लॅब भेदून पोहोचत नाही, तेथे एखादे उपकरण दहा-वीस सेंटिमीटरच्या फरकाने शोधता येते, हा या तंत्रज्ञानाचा दावा होय. दावा खोटा नाही. तथापि 'अचूक' हा शब्द त्यातील अटी झाकून टाकतो. प्रस्तुत लेखात त्या अटींची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांचा आधार घेतला आहे. बिनतारी लहरींवरून स्थान काढण्याच्या विद्येचे एक मोठे यश येथे आहे आणि जेथे ही विद्या उपयोगीच पडू शकली नसती, अशी एक जागाही येथेच आहे.

मोजमापाचे तत्त्व

प्रकाशाप्रमाणेच रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापते. म्हणजे अंतराचा प्रश्न हा मुळात काळ मोजण्याचा प्रश्न आहे. खोलीत लहर थेट येते, तशीच भिंतीवर, कपाटावर आपटूनही येते. या दोन आगमनांतील भेद ओळखण्याची क्षमता पट्ट्याच्या रुंदीवर अवलंबून असते. २० मेगाहर्ट्झच्या वाय-फाय पट्ट्यात मार्गांतील फरक साधारण १५ मीटर असल्याखेरीज दोन लहरी सहज वेगळ्या दिसत नाहीत. ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० सेंटिमीटरवर येते. अमेरिकेने २००२ मध्ये अशा रुंद पट्ट्याच्या, अत्यल्प शक्तीच्या वापरास मुभा दिली. २०१९ मध्ये ही चिप आयफोनमध्ये आली. दोन उपकरणांची घड्याळे जुळत नसतील तर संदेश पाठवून उत्तर येईपर्यंतचा काळ मोजतात. परंतु घड्याळांच्या वेगात दहा लाखांत वीस भागांचा फरक असेल आणि उत्तरास एक मिलिसेकंद लागत असेल, तर तेवढ्यानेच अंतरात तीन मीटरची चूक शिरते. म्हणून संदेशांची फेरी दुहेरी करावी लागते.

याच तत्त्वाचा भव्य आविष्कार नारायणगावजवळ खोडद येथे पाहावयास मिळतो. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी, तर उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरल्या आहेत. आकाशातील स्रोताची लहर या अँटेनांवर किंचित मागेपुढे पोहोचते. त्या विलंबावरून स्रोताची दिशा निघते. खोलीतील टॅग शोधणारे तंत्र आणि दीर्घिका शोधणारे तंत्र यांचे गणित एका कुळातले आहे. विज्ञान दिनी विद्यार्थ्यांना तेथे नेणाऱ्या प्राध्यापकांनी हे साम्य वर्गात अवश्य सांगावे, असे वाटते.

अचूकतेच्या दोन अटी

खोडदचे उदाहरण पहिली अट स्पष्ट करते. अँटेना कोठे आहेत हे आधीच काटेकोरपणे मोजलेले असल्याशिवाय स्रोताविषयी काहीही सांगता येत नाही. सभागृहातही भिंतींवर निदान तीन-चार स्थिर केंद्रे बसवून त्यांचे निर्देशांक नोंदवावे लागतात. म्हणजे अज्ञात स्थान हे ज्ञात स्थानांच्या तुलनेतच 'अचूक' असते. परिचयलेखांत हा खर्च आणि ही पूर्वतयारी एका वाक्यात उरकली जाते, हा माझा पहिला आक्षेप.

दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. हे तंत्रज्ञान टॅग शोधते, टॅग बाळगणाऱ्यास शोधत नाही. महाविद्यालयीन उपस्थितीसाठी अशा योजना सुचविल्या जातात तेव्हा एका विद्यार्थ्याच्या खिशात चार मित्रांची ओळखपत्रे असू शकतात, हे कोणीही अनुभवी प्राध्यापक सांगेल. याचे अधिक गंभीर उदाहरण म्हणजे 'आजोबा' हा बिबट्या. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथील विहिरीतून काढलेल्या या बिबट्यास पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलापर्यंत गेला, हे त्या पट्ट्यामुळेच कळले. पुढे पट्ट्याचे संदेश थांबले. बिबट्या मात्र जगत होता. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने तो मेला, तेव्हा त्याची ओळख पटली ती कातडीखालच्या लहानशा चिपवरून, आणि ती चिप वाचण्यासाठी यंत्र अगदी जवळ न्यावे लागते.

माळीण

३० जुलै २०१४ रोजी सकाळी भीमाशंकरच्या कुशीतील माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे चाळीस घरे गाडली गेली, १५१ जणांचा मृत्यू झाला. गाव दिसत नाही ही बातमी प्रथम बाहेर आणली ती एस.टी.च्या चालकाने. आता अल्ट्रा-वाइडबँडचा दावा या जागी ठेवून पाहावा. घरे 'बंदिस्त जागा'च होती. पण स्थिर केंद्रे नाहीत, टॅग नाहीत, आणि माथ्यावर पावसाने भिजलेली माती. साडेसहा-आठ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी भराभर शोषून घेते. टॅग नसताना हृदयाचे ठोके टिपणारे रडार असते, हे खरे; २०१५ च्या भूकंपात नेपाळमधील चौतारा येथे अशा यंत्राने ढिगाऱ्याखालील चार जण जिवंत सापडले. परंतु पडलेल्या इमारतीत पोकळ्या राहतात, चिखलात त्या क्वचितच राहतात. तेव्हा माळीणमध्ये हे यंत्र असते तरी काय हाती लागले असते, याविषयी मी साशंक आहे.

माळीणच्या संदर्भात तंत्रज्ञानाची कमतरता होती असे म्हणणे म्हणूनच अर्धवट ठरते. पोकलेन कोठे चालवावे हे ठरविण्यासाठी कोणाचे घर नेमके कोठे होते, त्या रात्री घरात कोण होते, हे माहीत हवे. ही माहिती वाचलेल्या माणसांच्या आणि बाहेरगावी गेलेल्या नातलगांच्या स्मरणातच असणार. गावठाणातील घरांची ड्रोनद्वारे मोजणी करणारी स्वामित्व योजना केंद्र शासनाने जाहीर केली ती एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे माळीणनंतर जवळजवळ सहा वर्षांनी. तिचा उद्देश मालमत्तापत्रिका देण्याचा आहे, आपत्तीचा नाही. तरीही घराच्या कोपऱ्यांचे निर्देशांक कागदावर येणे म्हणजे वर सांगितलेली पहिली अट पुरी होणे होय. पश्चिम घाटातील उताराच्या गावांची अशी मोजणी बचावदलाच्या हाती आधीच असावी, ही मागणी सेंटिमीटरच्या दाव्यापेक्षा कितीतरी साधी आहे. डोंगर सरकल्यावर घरही जागचे हलते, हा आक्षेप रास्त आहे. तरी खोदकाम कोठून सुरू करावे, हे त्या नकाशावरून ठरविता येते.