राजपुत्राची साठ मिनिटं

१९८९ साली ॲपल टू संगणकावर आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त खेळणाऱ्याला फक्त साठ मिनिटं मिळत. तेवढ्या वेळात तळघरातून चढत चढत वजीर जाफरच्या कैदेतल्या राजकन्येपर्यंत पोचायचं. वाटेत मेलं की तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून, आणि घड्याळ मात्र थांबत नसे. उडी चुकली की हातातली मिनिटं जात, म्हणून प्रत्येक उडीला वजन होतं. बाजाराने साहसी व्हिडिओ गेमचं काय केलं हे तपासायला या मालिकेइतकी चांगली जागा नाही. नवी चित्रं, भडक लढाया, मोठाले नकाशे हे बदल सगळ्यांनाच दिसतात. माझ्या मते मूळ बदल झाला तो वेळेच्या हिशेबात: जी वेळ खेळाडूने जपून वापरायची होती, ती पुढे कंपनीने विकायचा माल झाली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. जुने खेळही विकण्यासाठीच बनत होते, मग त्यांना सोवळ्यात का ठेवायचं? आक्षेप रास्त आहे. कर्ता जॉर्डन मेक्नर याला मुळात लढाई नकोच होती. धाकट्या भावाच्या धावण्या-उड्यांचं चित्रीकरण करून, त्यावरून एकेक चित्र उतरवून त्याने राजपुत्राची चाल घडवली, आणि त्यातच संगणकाची स्मृती संपत आली. खेळ मिळमिळीत वाटतोय, तलवार हवी, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. पण शत्रूच्या चित्रांना जागा कुठली? मग राजपुत्राचीच चित्रं गणिती क्लृप्तीने बदलून त्याने एक सावली उभी केली. आरशातून उडी मारताच ती वेगळी होते, पुढे औषधाची बाटली पळवते, दार बंद करते. शेवटी तिच्यावर वार केला तर जखम आपल्यालाच होते. तलवार म्यान केली तरच ती पुन्हा आपल्यात मिसळते. या माध्यमातला हा एक अव्वल प्रसंग, आणि तो अडचणीतून व आग्रहातून जन्मला. ॲपल टूचे दिवस भरत आल्यामुळे खेळ सुरुवातीला फारसा खपला नाही. इतर संगणकांवरच्या आवृत्त्यांनी आणि परदेशी बाजारपेठांनी त्याला हात दिला. तेव्हा बाजाराचा दबाव वाईटच असतो असं म्हणता येणार नाही. तो दबाव खेळाच्या गाभ्याला बळ देतो की गाभाच बदलून टाकतो, एवढं पाहायचं.

२००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने वेळेचा हा गाभा नेमका ओळखला होता. राजपुत्राच्या खंजिरातली वाळू खर्चून काही क्षण मागे जाता येई, पण वाळू मोजकीच. चूक सुधारण्याची मुभा होती, फुकट मात्र नव्हती. समीक्षकांनी खेळ डोक्यावर घेतला. तरी पुढच्याच वर्षीच्या ‘वॉरियर विदिन’मध्ये रक्त, हेवी मेटल आणि चिडका राजपुत्र आला, मेक्नरनेही ही दिशा आवडली नसल्याचं उघड सांगितलं. त्या खेळातही दहाका हा राक्षस पाठीशी लागतो ते प्रसंग उत्तम आहेत, कारण तिथे वेळेची भीती परत येते. मालिकेतल्या २००८ च्या खेळात सोबतीण एलिका दर वेळी पडणाऱ्या राजपुत्राला सावरते, यावर बरीच टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते, कारण तिच्या येण्याने उडीतला ताल कुठे बिघडत नाही. खटकतं ते हे, की कथेचा पुढचा भाग ‘एपिलॉग’ म्हणून वेगळे पैसे घेऊन विकला गेला.

दरम्यान याच मालिकेचा उपखेळ म्हणून सुरू झालेला ‘असॅसिन्स क्रीड’ २००७ मध्ये स्वतंत्रपणे आला आणि कंपनीचा मोठा आधार झाला. २०१८ च्या ‘ओडिसी’पर्यंत त्याचा पसारा एवढा वाढला की मुख्य कथा पुढे न्यायला अनुभवगुण साठवावे लागतात, आणि ते कायमचे दीडपट वेगाने मिळावेत म्हणून कंपनीच्याच दुकानात पैसे मोजता येतात. आधी लांबण लावायची आणि मग ती आटोपती घेण्याचे दाम घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. हजारो रुपये मोजणाऱ्याला भरपूर तास खेळायला मिळावेत, ही अपेक्षा मी हलकी मानत नाही. पण जे तास टाळण्यासाठी माणूस वर पैसे देतो, ते किमतीचा मोबदला म्हणून कसे मोजायचे?

बाजाराला आता असेच खेळ हवेत, हा आक्षेप अधिक कठीण आहे. जानेवारी २०२४ मधला मोंपेलिए स्टुडिओचा ‘द लॉस्ट क्राउन’ त्यासाठी पुढे केला जातो. अडलेल्या जागेचं छायाचित्र काढून नकाशावर टाचण्याची सोय, हवी तर वाटदाखवणी, अडचणीची पातळी बारकाईने ठरवण्याची मुभा. सोपेपणा आणूनही उडीचं वजन त्यात शाबूत आहे. स्तुती झाली, पण खप कंपनीच्या अपेक्षेला उतरला नाही आणि चमू इतर कामांवर विखुरला. मात्र हाच खेळ संगणकावरच्या स्टीम या सर्वांत मोठ्या दुकानात ऑगस्टपर्यंत नव्हता. तो न ठेवण्याचा निर्णय ग्राहकांनी घेतलेला नव्हता, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या आवडीवर टाकता येत नाही.

दोष भलतीकडे टाकण्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडचंच आहे: ‘सँड्स ऑफ टाइम’च्या पुनर्निर्मितीचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली ती जेमतेम चार महिन्यांनंतरची तारीख देऊन. झलक पाहून जगभर नावं ठेवली गेली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. आपल्याकडच्या कलावंतांच्या कुवतीवर तेव्हा सहज शिक्के मारले गेले. पण जुन्या नावाच्या आठवणीवर विकायच्या मालाला किती काळ द्यायचा, हे ते कलावंत ठरवत नसतात. पहिल्या राजपुत्राचा खेळ घडवायला मेक्नरने जवळपास चार वर्षं घेतली होती, आणि तेव्हा त्याच्या खेळाची तारीख कुणी आधी जाहीर केलेली नव्हती.