राणी नोगुक आणि तिचे इतिहासकार

कोरियाच्या गोर्यो घराण्याचा ‘गोर्योसा’ हा १३९ भागांचा इतिहास इ. स. १४५१ मध्यें पुरा झाला. तो लिहिला मात्र १३९२ मध्यें त्या घराण्याची गादी घेणाऱ्या जोसन घराण्याच्या पंडितांनीं. पराभूताचें चरित्र विजेत्याच्या आश्रितांनीं लिहिलें, म्हणजे तें सावधपणेंच वाचावें लागतें. मोंगल राजकन्या नोगुक हिची कथा वाचतांना ही सावधगिरी विशेष हवी, असें आम्हांस वाटतें.

गोर्यो घराण्यांत मोंगल सुना येऊं लागल्या त्या १२७४ मध्यें कुब्लाई खानाच्या मुलीपासून. ती नवऱ्याला काठीनें मारी आणि जिनसेंग विकून पैसा करी, असें ग्रंथकारांनीं लिहून ठेवलें आहे. नोगुक मात्र त्यांच्या लेखीं पतीची लाडकी राणी. गज दोघींना एकच : नवऱ्याशीं वागणूक कशी होती?

१३४९ मध्यें, मोंगलांच्या युआन दरबारीं राहणाऱ्या राजपुत्र कोंगमिनशीं नोगुकचें लग्न झालें. १३५१ मध्यें तो राजा झाला व १३५६ मध्यें त्यानें मोंगलांचें जूं झुगारून उत्तरेकडील मुलूख परत घेतला. सासर माहेरावर उठलें, तरी ती पतीजवळच राहिली. १३६३ मध्यें हुंगवांग मठांत मारेकरी शिरले, तेव्हां राजा आंतल्या खोलींत लपला आणि राणी दार अडवून बसली. ज्या कुळाशीं राजाचें वैर, त्याच कुळाच्या मुलीनें त्याचा जीव राखला! आमच्या मतें या चरित्राचें मर्म येथेंच आहे.

ग्रंथकारांचा ओढा मात्र तिच्या मृत्यूकडे. १३६५ मध्यें ती बाळंतपणांत वारली. राजानें तिचें चित्र स्वहस्तें काढलें, त्यासमोर बसून तो जेवूं लागला. कारभार शिन दोन या भिक्षूवर सोंपविला. १३७४ मध्यें त्याचा खून झाला. शोकानें राजा बुडाला व राजाबरोबर राज्य बुडालें, असा हा हिशेब जोसनच्या फार सोयीचा आहे. आपल्या पापानें बुडालेलें राज्य दुसऱ्यानें बळकावलें, असें कोण म्हणेल?

पण हा हिशेब १३६६ सालींच चुकतो. बड्या घराण्यांनीं गिळलेल्या जमिनी मूळ मालकांस परत देण्यासाठीं व अन्यायानें गुलाम केलेल्यांस सोडविण्यासाठीं त्या वर्षीं एक कचेरी निघाली; तिचा मुख्य शिन दोनच. ही हकीकत ‘गोर्योसा’तच नमूद आहे. शोकानें वेडावलेल्या राजवटीचें हें लक्षण नव्हे.

केसोंगजवळ राजाराणीच्या जोडसमाध्या अजून आहेत. राजाच्या प्रेमाची ती साक्ष कोणी नाकारीत नाहीं. पण राज्य बुडाल्याचा ठपका मृत राणीच्या माथीं मारणें हा इतिहास नव्हे, ती वकिली आहे.